तिसरी ओळ

सकाळी टेबलावर सात फायली होत्या. त्यातली चौथी उघडली आणि आत धाकट्या बहिणीचं अक्षर. साक्षीदारबाईंनी फाईल मिटली, चष्मा पदरानं पुसला, पुन्हा उघडली. अक्षर तेच. उकारांना ही लांब शेपटं, वेलांट्या घाईघाईत मारलेल्या, आणि नावाखाली उगाचच दोन रेघा, शाळेत मास्तरांनी हजारदा सांगूनही न सुटलेल्या. तक्त्यात लिहिलं होतं, काम : नवी कंपनी स्थापन करणे. धंदा : पडदे शिवणे व बसवणे. संचालक : एक, स्वतः. दोन, नणंद. नणंदेचं नाव मात्र सावकाश, सुबक लिहिलेलं. एकही वेलांटी घसरलेली नाही. सव्वीस वर्षं आपण या खुर्चीवर बसून लोकांच्या कंपन्या काढून देतो, शहरातल्या चार माणसांना विचारलं तर तिघं आपलं नाव सांगतील, आणि सख्खी बहीण येते ती साहेबांकडे! परक्यासारखी! बरं, कधी येते? गुरुवारी. गुरुवारी आपण दिवसभर निबंधकांच्या कचेरीत असतो हे तिला पाठ आहे. म्हणजे मुहूर्त काढूनच आली म्हणायची.

"बहीण ना तुमच्या?" साहेबांनी केबिनमधून मान बाहेर काढून विचारलं. "बोलल्या काही नाहीत, पण हनुवटीवरून ओळखलं मी. फार नम्र हो. आणि त्यांच्याबरोबरच्या त्या बाई, नणंद का कोण, त्याही फार समजूतदार. दोघींचं चांगलं मेतकूट दिसतंय." बाई "हो" म्हणाल्या. मेतकूट! साहेबांना कंपनी कायदा तोंडपाठ, पण कुठे काय बोलू नये याचं कलम त्यांनी कधी वाचलेलंच नव्हतं.

साक्षीदारबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. ऑफिसानं पाडलेलं. कंपनी काढायची तर तिच्या घटनेच्या शेवटी एक सह्यांचं पान असतं. जे कंपनी काढतात ते पहिले सभासद त्यावर ओळीनं सह्या करतात, फोटो चिकटवतात, आणि त्या सह्या माझ्यासमोर झाल्या असं म्हणणारा एक साक्षीदार खाली सही ठोकतो. साक्षीदार कंपनीतला चालत नाही. तो बाहेरचाच लागतो. अशील ऐनवेळी साक्षीदार कुठून आणणार? मग, "बाई, करा हो सही," असं करत करत चारशेच्या वर कंपन्यांच्या पहिल्या सह्यांच्या पानावर तळाशी बाईंची वळणदार सही जाऊन बसली होती. गाड्यांच्या सुट्या भागांची कंपनी, औषधांची, चपलांची, एक तर नुसती काचेची झाकणं करणारी. पुढे सभासद बदलतात, संचालक भांडतात, पत्ते हलतात, पण हे पहिलं पान कुणाच्या बापाला बदलता येत नाही. कंपनी बुडाली तरी ते पान तसंच. बाईंना याचा एक छुपा अभिमान होता. मात्र कधी कधी दुपारी डबा खाऊन झाल्यावर त्यांना वाटायचं, चारशे बारशांना आपण गेलो, पण नेहमी दाराशी उभ्या.

नव्या अशिलाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा : राज्य कुठलं? लोक हसायचे. राज्य काय निवडायचं असतं? मग बाई समजावून सांगायच्या. ज्या राज्यात कंपनीचा नोंदलेला पत्ता, तिथला निबंधक तुमचा मालक, तिथलं मुद्रांक शुल्क तुमच्या खिशाला, तिथलं कोर्ट तुमच्या नशिबाला. एकदा ठरवलंत की मागाहून हलवणं म्हणजे लग्न मोडून दुसरं करण्यासारखं, होतं, पण नाकी नऊ येतात. तेव्हा डोळे उघडे ठेवून निवडा. धाकटीच्या तक्त्यात राज्याच्या रकान्यात बाईंचंच राज्य लिहिलं होतं. हे काय खूळ? ती लग्न होऊन गेली ती शेजारच्या राज्यात, इथून तीन तासांवर. घर तिकडे, नणंद तिकडे, नणंदेच्या घराखाली रिकामा गाळा तिकडे. तिकडे मुद्रांक निम्म्यावर आणि निबंधकाची कचेरी चार दिवसांत काम उरकणारी. इथला निबंधक म्हणजे स्वल्पविरामासाठी कागद परत पाठवणारा प्राणी. बाईंनी फोन लावला. काम म्हणून. दुसरं काही नाही.

"ताई!" धाकटी इतक्या चटकन म्हणाली की जणू फोन हातातच धरून बसली होती.

"ऑफिसातून बोलतेय," बाई म्हणाल्या. "राज्य चुकून हे लिहिलंयस का?"

"चुकून नाही गं."

"अगं, तिकडे सगळंच स्वस्त. जागा घरची. कोणीही शहाणं माणूस तिकडेच नोंदवेल. मी अशिलांना हेच सांगते, तुला वेगळं कशाला सांगू?"

"असेल. पण इथेच करायचं ठरवलंय."

"का पण?"

पलीकडे मागे शिलाई मशीन चालत होतं, ते थांबलं. मशीनवर कोण बसलं असेल ते बाईंना कळलंच. "ताई, काम तूच करणार आहेस ना?"

"साहेब देतील ते मी करते."

"बरं." मग, "फोटोंचा लिफाफा मिळाला? फाईलमध्ये मागे लावलाय."

"आहे."

"बघितलास?"

"बघते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. लिफाफा पिवळा होता, तोंड चिकटवलेलं. आत नणंदेचा फोटो असणार, स्टुडिओत जाऊन, पावडर लावून काढलेला. काय बघायचंय त्यात? बाईंनी लिफाफा तसाच शिपाईकाकांच्या ट्रेमध्ये टाकला. फोटो चिकटवणं हे काकांचं काम.

पत्ता वाचला तेव्हा तर त्यांचं डोकंच भणाणलं. कात्र्यांना धार लावणाऱ्याच्या दुकानावरची खोली. बाईंच्या घरामागच्या गल्लीत, स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या दुकानाची पाटी दिसते. म्हणजे आता रोज सकाळी चहा गाळताना समोर नणंद-भावजयांचा कारखाना बघायचा. म्हणजे जखम तर झालीच, वर मीठही घरपोच. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "बरं झालं की, जवळ आली." पुरुषांना एवढंच कळतं. जवळ कोणासाठी आली, हा प्रश्न त्यांना पडत नाही. बाई भांडी आवरताना मनातल्या मनात धाकटीशी भांडत राहिल्या आणि दोन्ही बाजूंची वाक्यं स्वतःच बोलल्या. त्यामुळे प्रत्येक वेळी त्याच जिंकल्या, आणि कसलंच समाधान झालं नाही.

पडदे आईचे. आई लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, घरी येऊन शिवायची, आणि परत जाऊन स्वतः स्टुलावर चढून बसवायची. बाई सात वर्षांच्या असल्यापासून तिच्याबरोबर जायच्या. परक्या घरांतला तो वास, कुठे औषधाचा, कुठे ओल्या रंगाचा, आणि खिडकीत उभं राहून टेपचं एक टोक धरायचं. दुसरं टोक आईकडे. टेप कापडी, पिवळा, टोकाला पितळेची पट्टी. ती पट्टी मूळची नव्हती. टेपचा पहिला इंच कधीकाळी फाटून गेला होता, आणि आईनं नवा टेप न घेता एकाच्या आकड्यावर पट्टी ठोकून घेतली होती. त्यामुळे त्या टेपवर त्रेपन्न आले तर माप बावन्न. आई आकडा मोठ्यानं वाचायची आणि टोक धरणाऱ्यानं म्हणायचं, "वजा एक." मग आई लिहायची. घरमालकिणी चकित व्हायच्या. एक जण म्हणालीही, "नवीन टेप घ्या की हो, कितीसा येतो?" आई म्हणाली, "टेप येईल हो, सवय कुठून आणू?" वाटेत दोघी खूप हसल्या होत्या. ते टोक बोटांत धरून उभं राहणं, खिडकीबाहेर रस्ता, आणि आईच्या आवाजानंतर आपला आवाज. बाईंना आयुष्यात पुढे इतकं महत्त्वाचं कुणी कधी वाटू दिलं नाही.

आणि मग एके दिवशी, बाई बारा वर्षांच्या आणि धाकटी सहाची, आई निघताना म्हणाली, "आज हिला नेते. तुझा अभ्यास आहे." अभ्यास होता, खोटं नाही. परीक्षा होती. पण त्या दुपारी भूगोलाचं पुस्तक उघडून त्या बसल्या होत्या आणि डोळ्यांसमोर एकच, धाकटीच्या चिमुकल्या बोटांत ती पितळी पट्टी. संध्याकाळी धाकटी उड्या मारत आली. "वजा एक, वजा एक," सारखं तेच. बाईंनी तिला इतक्या जोरात चिमटा काढला की दंडावर निळं पडलं. आईनं विचारलं, काय झालं? धाकटी म्हणाली, दार लागलं. चहाडी केली नाही पोरीनं. केली असती तर बरं झालं असतं, बाईंना आजही वाटायचं. त्या दिवसापासून टेपचं टोक धाकटीकडे गेलं ते गेलंच. बाई हुशार म्हणून शिकल्या, हुशार म्हणून नोकरीला लागल्या, सगळे कौतुकानं बोलायचे. हुशारीनं आपल्याला घराबाहेर काढलं असं कुणाला सांगणार? लोक वेड्यात काढतील.

आई गेली त्याला चार वर्षं झाली. तिच्या बँकेच्या, घराच्या कागदांसाठी दोघींना फोटो लागले म्हणून दोघी एकाच स्टुडिओत गेल्या होत्या. रडून सुजलेले डोळे घेऊन बाई कॅमेऱ्यासमोर बसल्या तर बाजूला उभ्या धाकटीनं, का कोण जाणे, आईसारखा घसा खाकरला, आकडा वाचण्याआधी आई खाकरायची अगदी तसा. बाईंना हसू फुटलं. फोटोग्राफर वैतागला. पण तोच फोटो निघाला. मग वस्तू वाटायच्या वेळी मशीन धाकटीला, ते आईनंच सांगून ठेवलं होतं. बाईंनी हूं की चूं केलं नाही. धाकटी म्हणाली, "ताई, आपण दोघी मिळून आईचं काम चालू ठेवू या का?" तिथे नणंद होती, मदतीला आलेली, पातेली पुसत. तिच्यादेखत बाई फणकारल्या, "पडदे शिवून कुणाचं भलं झालंय? मला नको ओढूस त्यात. माझी नोकरी आहे." धाकटीचा चेहरा एवढासा झाला. नणंदेनं पातेलं खाली ठेवलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचा बाईंना जो राग आला तो अजून उतरला नव्हता. दोन दिवस धाकटी टेप शोधत होती. कपाटं, गाद्या, मशीनचा खण. "ताई, तू पाहिलास का गं?" "मला काय माहीत," बाई म्हणाल्या. टेप तेव्हा त्यांच्या पर्समध्ये होता. आता तो ऑफिसच्या खालच्या खणात होता, जुन्या शिक्क्यांच्या मागे, बिस्किटांच्या डब्यात. चार वर्षांत तो त्यांनी एकदाही उलगडला नव्हता. नुसता आहे एवढं पुरे होतं.

कंपनीसाठी धाकटीनं नावं सुचवली होती, पसंतीच्या क्रमानं. 'खिडकी', 'चुणी', 'झालर'. 'खिडकी' नावाच्या कंपन्या निबंधकाच्या यादीत आधीच सतरा होत्या, ते गेलं. 'चुणी' मोकळं होतं. चुणी हा आईचा शब्द. "चुणी नीट पडली की पडदा बोलतो," म्हणायची. बाईंचं बोट बटणावर घोटाळलं. हेही आधीच घेतलंय असं सांगितलं असतं तर धाकटीनं निमूट मानलं असतं, झालर म्हणून मोकळी झाली असती. पण नावात त्यांनी खोट केली नाही. तेवढी लाज होती शिल्लक. नाव राखून ठेवल्याची पावती निघाली तेव्हा उलट त्यांना स्वतःचा अभिमानच वाटला. बघा, एवढं सगळं असून आपण काम चोख करतो.

सह्यांच्या पानाशी मात्र घोडं अडलं. ऑफिसच्या छापील पानावर तीन ओळी असतात. साहेबांची जुनी पद्धत. पहिल्या ओळीत धाकटीनं स्वतःची माहिती भरून दिली होती, दुसरीत नणंदेची. तिसरी कोरी. एकूण सभासद किती, तो रकानाही कोरा. बाईंनी पान उजेडात धरून पाहिलं. विसरली? धाकटी वेंधळी खरी, पण वर-खाली सगळं भरून नेमकं हेच? का ठेवली असेल कोरी? आणि मग त्यांच्या मनात लख्ख उजेड पडला. आणखी कुणीतरी आहे. नणंदेची मुलगी असेल, नाहीतर जाऊ, नाहीतर तो दीर, जो नुसता बसून असतो. सासरचं माणूस मागून आणून घुसवणार. अख्खं सासर आईच्या पडद्यांवर नाव लावणार. मशीन त्यांचं झालं, चुणी त्यांची झाली, आता ओळीही त्यांच्याच. एक फोन करायचा, तिसरं कोण, विचारायचं. कुठल्याही अशिलाला त्यांनी तेव्हाच विचारलं असतं. तो नियमच होता. बाईंचा हात फोनकडे गेलाही. पण उत्तर ऐकायची त्यांची तयारी नव्हती. "आमच्या ह्यांची पुतणी" असं काहीतरी धाकटीच्या त्या लाघवी आवाजात ऐकायचं, आणि आपण ते नाव शुद्धलेखनासकट लिहून घ्यायचं? छे!

कोरी राहिलेली ओळ तिरकी रेघ मारून बंद करायची, ही बाईंची स्वतःची पद्धत होती. मागाहून कुणी नाव घुसवू नये म्हणून. साहेब कौतुकानं सांगायचे, बाईंच्या रेघेतून मुंगी जाणार नाही. पण ती रेघ नेहमी सगळ्या सह्या झाल्यावर, अशिलाच्या देखत, त्याला विचारून मारायची. त्या दिवशी त्यांनी पट्टी घेतली, काळं पेन घेतलं आणि सह्यांच्या आदल्या दुपारीच, कुणालाही न विचारता, तिसऱ्या ओळीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली. पेन इतकं दाबलं की पान खालून उचललं गेलं. फार बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार म्हणजे फारच बरं वाटलं. संध्याकाळी त्यांनी घरी जाताना फुलं घेतली.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. धाकटी केसांना तेल लावून, साधी साडी नेसून, परीक्षेला आल्यासारखी. नणंद मोठी, पन्नाशीची, गुडघे धरत जिना चढून आलेली. "बसा," बाई म्हणाल्या. अशिलांना म्हणतात तसं. धाकटी नणंदेला म्हणाली, "ताई, पाणी घेणार का?" आणि बाईंनी मान वर केली. त्यांना वाटलं आपल्यालाच. पण धाकटी तिकडे बघत होती. ती तिलाही ताईच म्हणत होती! बाईंनी मान खाली घातली आणि स्टेपलर उघडून आतल्या पिना मोजल्यासारखं केलं. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. एवढ्या मोठ्या जगात नणंदेला हाक मारायला दुसरा शब्द मिळाला नाही हिला.

"इथे सही," बाईंनी पान पुढे सरकवलं. धाकटीनं पेन घेतलं. पान पाहिलं. मग पेन तसंच हवेत राहिलं. ती तिसऱ्या ओळीकडे बघत होती. खूप वेळ. खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होऊन गेलीसुद्धा.

"ही ओळ..." धाकटी म्हणाली.

"कोरी ओळ बंद करावी लागते," बाई म्हणाल्या. "नियम आहे."

"तू मारलीस?"

"मीच मारते. सगळ्यांच्या."

नणंद काहीतरी बोलायला गेली. धाकटीनं टेबलाखालून तिचा हात धरला, ते बाईंना दिसलं. "बरं," धाकटी म्हणाली. "बरं ताई." आणि सही केली. उकारांची शेपटं त्या दिवशी आखूड होती. बाईंना वाटलं, बसली ना मुकाट! पुतणीचा पत्ता कापला गेला. त्यांनी खाली साक्षीदाराची सही केली, शिक्का मारला, तारीख घातली. वर्षानुवर्षांत इतकी सुरेख सही साधली नव्हती. जाताना धाकटी दारात थांबली. वळून बघेल असं वाटलं, पण ती नणंदेला जिना उतरायला हात देत होती.

इथल्या निबंधकानं, आश्चर्य म्हणजे, एकही स्वल्पविराम न काढता आठव्या दिवशी प्रमाणपत्र दिलं. कंपनी जन्मली. शिपाईकाका फाईल आवरायला बसले. काकांचा एक शिरस्ता होता. फाईल बंद करताना ज्याचं जे उरलं ते त्याला परत, टाचणीसुद्धा. ते बाईंच्या टेबलाशी आले आणि पिवळा लिफाफा पुढे केला. "बाई, एक फोटो उरला."

"कुणाचा?"

"तुमचाच की. मला वाटलं साक्षीदाराचा पण लागतो की काय आता. मग पानावर जागाच नव्हती, तिथे तुमची रेघ होती. म्हणून ठेवला जपून."

बाईंनी फोटो घेतला. सुजलेले डोळे, कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला वळलेले, आणि ओठांवर ते फुटू पाहणारं हसू. फोटोच्या मागे धाकटीच्या अक्षरात बाईंचं नाव आणि खाली, उगाचच, दोन रेघा. काका काहीतरी बोलत होते, डिंक संपल्याबद्दल. बाईंनी पहिल्या पानाची प्रत काढली. एक धाकटी. दोन नणंद. तीन, रेघ. आणि तळाला, कंपनीतली नाही अशी बाहेरची व्यक्ती, सव्वीस वर्षांत सर्वांत सुरेख आलेली सही. गुरुवार का निवडला ते कळलं. तोंडावर विचारलं असतं तर आपण पुन्हा फणकारलो असतो, म्हणून तिनं विचारलंच नाही. नुसती जागा ठेवली. हेच राज्य का, घरामागचीच गल्ली का, लिफाफा बघितलास का. एकेक गोष्ट परत आली आणि समोर उभी राहिली. पोरीनं पुन्हा चहाडी केली नव्हती. "बरं ताई," म्हणाली होती. कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, नंतरही घेता येतात, कायद्यानं काही अडत नाही, बाईंनीच कितीजणांना तसं सांगितलं होतं. पण पहिलं पान ते पहिलं पान. ते पान कुणाच्या बापाला बदलता येत नाही, हे चारशे लोकांना त्यांनीच हसत हसत ऐकवलं होतं.

"साहेब, प्रमाणपत्र मी स्वतः देऊन येते," बाई म्हणाल्या. खालच्या खणातून त्यांनी बिस्किटांचा डबा काढला.

कात्र्यांच्या दुकानातून दगडावर घासल्याचा आवाज येत होता. जिना अरुंद. खोलीचं दार उघडंच होतं. धाकटी खिडकीशी स्टुलावर उभी, हातात नवा, चकचकीत टेप, आणि त्याचं दुसरं टोक धरून खाली नणंद. बाई दारात उभ्या राहिल्या. तेच दृश्य, भूगोलाच्या पुस्तकापलीकडे कल्पनेनं पाहिलेलं. चाळीस वर्षांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि ते तितकंच बोचलं.

"ये," धाकटी म्हणाली. स्टुलावरून उतरली नाही. "सही कुठे करायची?"

बाईंनी प्रमाणपत्र खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. वर फोटो ठेवला. "हा उरला होता."

धाकटीनं फोटोकडे पाहिलं. "मला वाटलं, तू बघितलास. बघून रेघ मारलीस."

"नाही बघितला."

"मग सवयीनं मारलीस?"

हो म्हणायला फार सोपं होतं. धाकटीला तेच ऐकायचं होतं, तिनं तो शब्द आयता हातात दिला होता. "नाही. सवयीनं नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं आणखी कुणी सासरचं आणतेस. मला तुझा हेवा वाटला. लहानपणापासून वाटतो." आणि त्यांनी पर्समधून डबा काढून उघडला.

पिवळा टेप, कडेला काळपट झालेला. पितळेची पट्टी. धाकटी स्टुलावरून उतरली. तिनं तो हातात घेतला नाही, नुसतं एका बोटानं हलवून पाहिला. "तुझ्याकडे होता?"

"हो."

"चार वर्षं?"

"हो."

खाली दगडावर कात्री घासली जात होती, थांबली, पुन्हा सुरू झाली. बाईंना वाटलं, आता ही म्हणेल, जा. म्हटलं तर जायचं. चिमट्याचं निळं पडलेलं आजपर्यंत कुणी वसूल केलं नव्हतं, ते आज व्हावं. पण धाकटीनं नवा टेप गुंडाळून कट्ट्यावर ठेवला, जुना उचलला, आणि पितळी टोक बाईंपुढे धरलं. डोळे पुसले नाहीत, हसलीही नाही. "धर," एवढंच. नणंद बाजूला झाली आणि वही-पेन्सिल घेऊन भिंतीशी उभी राहिली.

पट्टी गार होती. बाईंनी ती चौकटीच्या कोपऱ्यात दाबून धरली. धाकटी दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेली, टेप ताणला, वाकली आणि घसा खाकरला.

"त्रेपन्न."

नणंदेनं त्रेपन्न लिहिलं.

"वजा एक," बाई म्हणाल्या.

"अं?" नणंद म्हणाली.

"बावन्न," दोघी बहिणी एकदमच म्हणाल्या, त्याच सुरात, तिच्याकडे न बघता. मग दोघींनाही हसू फुटलं आणि आवरेना. नणंदेनं त्रेपन्नावर रेघ मारली आणि शेजारी बावन्न लिहिलं. ती हसत होती, समजूतदार बाई, पण पेन्सिल तिनं जरा जास्तच दाबली. बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू थांबलं. त्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांनी चटकन ओळखलं.